लॉगबुकवर सही झाली म्हणजे काम येतंय असं धरायचं का?

इंटर्न_सोलापूर:
२०१९ पासून एमबीबीएसचा नवीन अभ्यासक्रम आला, लॉगबुक आलं (कुठलं काम केलं ते लिहायची वही, 'येतंय' म्हणून सर सही करतात), वर्षभर मूल्यमापन आलं. इंटर्नलला, म्हणजे कॉलेजातल्याच वर्षभराच्या मार्कांत, थिअरी-प्रॅक्टिकल मिळून ५० टक्के आणि दोन्हीत वेगवेगळे किमान ४० पाहिजेत, नाहीतर फायनलला बसताच येत नाही. कागदावर चांगलंय की ओ. पण पोस्टिंगच्या, म्हणजे एका विभागातल्या वॉर्डाच्या पाळीच्या, शेवटच्या दिवशी आम्ही सगळे लॉगबुकं घेऊन लाइनीत उभे, सर एका दमात सह्या करणार, त्यात बीपी मोजणं पण आलं, आणि मी बीपी मोजताना साडेचार वर्षांत कुणी एकदाही उभं राहून बघितलेलं नाही. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात एका सिस्टरनी बीपीचा पट्टा सोडून परत बांधला, म्हणाल्या "डॉक्टर, कोपराच्या घडीवर नाही, दोन बोटं वर." मला फार लागलं ते. सही तर झालेली होती ना!

मेडिसिन_शिकवतो:
राग बरोबर आहे, पण वॉर्डात पोरं किती आणि आम्ही किती ते बघा. आणि वर्षभराचे मार्क सगळे आमच्याच हातात दिले की ओळखपाळख, राग-लोभ आलेच. म्हणून तर इंटर्नल फायनलच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळे दाखवतात. फायनलला बाहेरचा परीक्षक येतो तो कुणाला ओळखत नाही, पोराला न्याय तिथंच मिळतो.

अक्कलकोटकर:
न्याय कसला सर? मला फायनलच्या लाँग केसला (एक पेशंट पूर्ण तपासून निदान सांगायचं) आमच्या तालुक्यातली आज्जी मिळाली, कन्नडशिवाय एक शब्द नाही. शेजारच्याला मराठी बोलणारे काका, डोळे पिवळेधमक, दारातूनच निदान. आमच्या घरी कन्नड म्हणून मी निभावलो, लातूरची पोरगी असती तर पेशंटला आजाराची माहिती विचारतानाच गेली असती. म्हणूनच रोनाल्ड हार्डन या डॉक्टर-शिक्षकानी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत ओस्की ही परीक्षेची पद्धत मांडली, सगळ्यांना ओळीनं तीच स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर एक ठरलेलं काम, तीच चेकलिस्ट. सगळं त्यावरच घ्या.

मेडिसिन_शिकवतो:
चेकलिस्ट पाठ करतात हो. ओळख करून दिली, हात धुतले, टिक. पोट दाबताना आज्जीच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, ते स्टेशनवर ठेवलेल्या पुतळ्यावर कसं कळणार?

इंटर्न_सोलापूर:
तेच म्हणतोय सर! अमेरिकेत १९९५ पासून मिनी-सीईएक्स नावाची पद्धत आहे, खरा पेशंट, पोरगं तपासतं, शिक्षक पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघतो आणि तिथंच सांगतो काय चुकलं. आपल्याकडेही एका पोस्टिंगला प्रत्येकाला एकदा तरी असं बघा. परीक्षा काढा असं मी म्हणतच नाही.

मेडिसिन_शिकवतो:
ओपीडीच्या दिवशी दोन पोरं एवढं मला जमेल, पुढच्या बॅचपासून करून बघतो. पण नाही आलं तर सही अडवणार, मग पालकांना घेऊन यायचं नाही.

अक्कलकोटकर:
अडवा, पण त्या पोराला परत कोण शिकवणार आणि कधी, तेही आधी ठरवा. नुसती अडवून ठेवली तर तो दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊन येईल, आमच्या बॅचला तेच झालंय.