अ‍ॅस्ट्रोडोम पाडून पार्किंग? अजिबात नाही!

बेलेअरकर: काल इथे एकाने लिहिलं, "रोडिओला (काउबॉयांच्या खेळांच्या जत्रेला) जाताना तो राखाडी डबा दिसतो. पाडा आणि पार्किंग करा." वाचून डोकं फिरलं. ९ एप्रिल १९६५ ला ह्यूस्टनचा हा डोम उघडला, तेव्हा छपराखाली, एसीत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल खेळता येईल असं एवढं मोठं स्टेडियम जगात कुठेच नव्हतं. आरपार ६४२ फूट, मधे एकही खांब नाही, मैदानापासून छत २०८ फूट वर. ज्यांनी ऑगस्टमधला ह्यूस्टनचा उकाडा आणि डास सोसलेत, त्यांना हा डोम उभारणाऱ्या रॉय हॉफहाइन्झ यांनी काय करून दाखवलं ते वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नाव लागलं, २०१७ मध्ये टेक्सासनेही संरक्षण दिलं. आणि आपल्याला हवी गाड्या लावायला जागा!

केटीवाला: तो मीच. पैसे कोण देणार ते सांगा. नोव्हेंबर २०१३ मध्ये २१.७ कोटी डॉलर्सचे कर्जरोखे काढायचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. माझी घरपट्टी दरवर्षी वाढतेय. शेजारी २००२ पासून सरकत्या छपराचं नवं स्टेडियम उभं आहे. १९९६ नंतर फुटबॉलचा ऑइलर्स संघ गेला, १९९९ नंतर बेसबॉलचे अ‍ॅस्ट्रोजही गेले. राहिलं काय?

ऑइलर्सभक्त: ऑइलर्सचं नाव काढलंत म्हणून बोलतो. १९८७ मध्ये मालक बड अ‍ॅडम्स यांनी संघ जॅक्सनव्हिलला न्यायची धमकी दिली. काउंटीने (इथल्या जिल्हा प्रशासनाने) ६.७ कोटी डॉलर्स ओतून दहा हजार खुर्च्या वाढवल्या. त्यासाठी ४७४ फुटांचा स्कोअरबोर्ड उतरवला. होम रन झाला की त्यावर बैल फुरफुरायचे, काउबॉय गोळ्या झाडायचे! एवढं करूनही संघ टेनेसीला गेलाच. वाट मालकाने लावली, शिक्षा इमारतीला का?

मैदानाबाहेरची आई: सगळे छताचं कौतुक करताय, पण टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, आलं ते त्या छतामुळेच. तावदानांतून येणाऱ्या उजेडात दिवसा उंच चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं, गवत मेलं. १९६६ मध्ये मॉन्सँटोचं अ‍ॅस्ट्रोटर्फ अंथरलं आणि ते खूळ जगभर गेलं. माझ्या मुलाचा गुडघा टर्फवरच गेला. बूट रुतला, अंग वळलं, पाय तिथेच. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला.

बेलेअरकर: ताई, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण आजच्या टर्फमध्ये रबराचे दाणे असतात. तेव्हा होतं ते आखूड नायलॉन. दोन्हींची गल्लत नको.

मैदानाबाहेरची आई: गल्लत कसली? १९९५ मध्ये त्याच डोममधला ऑइलर्सचा सराव सामना खराब टर्फमुळे रद्द करावा लागला होता!

खडकीचा हॉकीवाला: आमचंही वाटोळं याच टर्फने केलं. १९७५ चा विश्वचषक आपला. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण थेट सातवे. मातीवर घडलेला खेळ एका झटक्यात परका झाला.

केटीवाला: मग खडकीचाच धनराज पिल्ले टर्फवर कसा चमकला? बाकीचे देश सराव करत होते, आपल्याकडे टर्फ घालायलाच वर्षं गेली. दोष प्रशासनाचा आहे.

खडकीचा हॉकीवाला: एका धनराजवर हजार पोरांचं नुकसान झाकू नका. मी त्या पोरांबरोबर खेळलोय. तुम्ही टीव्हीवर बघून बोलताय.

केटीवाला: मी काय खेळलोय ते तुम्हाला ठाऊक नाही. नीट बोला.

शुगरलँडचे नाना: अरे, भांडणं थांबवा. राहिलं काय, असं विचारलंत ना? सप्टेंबर २००५, कतरिना वादळ. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममधून बसेस भरभरून माणसं आली ती याच डोममध्ये. आम्ही काही जण मदतीला गेलो होतो. मैदानभर खाटा. एक आजी ओले बूट काढायला तयार नव्हत्या. तेवढेच उरलेत, कुणी नेले तर, म्हणाल्या. मी बूट मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा कुठे त्या आडव्या झाल्या. त्या जागी पार्किंगचे पट्टे मारायचे? मला नाही पटत.

केटीवाला: नाना, तुमच्यापुढे काय बोलणार. पण २००९ पासून तो डोम नेहमीच्या वापरासाठी बंद आहे. पुढच्या वादळात कुणाला ठेवणार आहात तिथे?

बेलेअरकर: म्हणून तर दुरुस्त करा म्हणतोय! २०१८ मध्ये काउंटीने १०.५ कोटी डॉलर्सचा आराखडा मंजूर केला होता. मैदानाची पातळी वर उचलायची, खाली दोन मजले पार्किंग, वर प्रदर्शनं-मेळावे. तो बासनात गेला. तुम्हाला हवं ते पार्किंग त्यात होतंच की.

केटीवाला: पार्किंगसकट वाचत असेल तर पाडा म्हणणार नाही. नाइलाजाने म्हणतोय. पण घरपट्टीला हात लागला, तर पुढच्या मतदानातही माझं मत विरोधातच.