पॉल बॉयमरला त्या खड्ड्यातून लेखकाने फार लवकर बाहेर काढलं का?

मृण्मयी_के

रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची जर्मन कादंबरी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) पुन्हा वाचली आणि याही वेळी नवव्या प्रकरणात अडकले. गस्तीवर गेलेला जर्मन सैनिक पॉल दोन आघाड्यांच्या मधल्या, तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात दबा धरून असतो. एक फ्रेंच सैनिक धडपडत नेमका त्याच्या अंगावर पडतो आणि पॉल विचार न करता खंजीर चालवतो. माणूस लगेच मरत नाही. उजाडतं, दुपार होते, तरी घरघर चालूच. पॉल त्याला डबक्यातलं पाणी पाजतो, जखमा बांधतो. तो गेल्यावर पाकीट उघडतो. बायकोचे आणि छोट्या मुलीचे फोटो, पत्रं. नाव जेरार द्युव्हाल, पेशाने मुद्रक. पॉल त्या प्रेताला वचन देतो की तुझ्या घरच्यांना मदत करीन.

संध्याकाळी सुटकेची आशा दिसते आणि यातलं आपण काहीही करणार नाही हे त्याला कळून चुकतं. मग काट आणि आल्बर्ट हे सोबती समजूत घालतात, नेम धरून माणसं टिपणारा सार्जंट ओएलरिख दाखवतात, आणि शेवटी युद्ध ते युद्धच म्हणून पॉल विषय संपवतो. पत्र काही जात नाही. माझ्या मते इथे लेखक कचरला. इतकी भयंकर रात्र लिहून तिचं ओझं त्याने दोन पानांत उतरवलं.

रानवाटा

अजिबात पटलं नाही. पॉल विशीतला पोरगा आहे, चार दिवसांनी पुन्हा हल्ल्यावर जाणार आहे. द्युव्हालला मनात घेऊन तो गेला असता तर पहिल्याच चढाईत मेला असता. त्याने विसरणं हेच त्या युद्धाने त्याचं काय केलं ते सांगतं. तो रात्रंदिवस रडत बसला असता तर वाचताना आपल्याला बरं वाटलं असतं, एवढंच.

शिरीष देव

मृण्मयीताई, तुम्ही अपराधभाव चुकीच्या प्रकरणात शोधताय. सातवं काढा. रजेवर आलेला पॉल केमेरिखच्या आईला भेटतो. मित्र इस्पितळात तळमळत गेला, तरी हा सांगतो, क्षणात गेला. ती शपथ घालते: हे खोटं असेल तर तू परत येणार नाहीस, असं म्हण. पॉल तेही म्हणतो. आणि १९१८ च्या ऑक्टोबरात मरतो. बाकी सगळ्या मरणांवर बोलणाऱ्या या कादंबरीत मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे खोटं. २०२२ च्या चित्रपटात रजेचा भागच नाही, त्यामुळे ही शपथही नाही. माझ्या दृष्टीने तिथे पुस्तकाचा अर्धा जीव गेला.

मृण्मयी_के

शपथेचा प्रसंग मलाही हलवतो. पण ते खोटं मायेपोटी आहे, मित्राच्या आईला वाचवण्यासाठी आहे. द्युव्हालच्या बायकोला कोणी काहीच सांगत नाही, खोटंसुद्धा नाही. ज्याला आपण मारलं त्याच्या घराचं काय, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

अनघा_सा

दोघांच्याही नजरेतून आठवं प्रकरण निसटलं. रशियन युद्धकैद्यांवर पहारा देताना पॉलच्या मनात येतं, की एका हुकुमाने ही माणसं आमची शत्रू झाली, दुसऱ्या हुकुमाने मित्रही होतील. तिथेच तो घाबरून थांबतो. हा विचार पुढे नेला तर बंदूक हातात धरता येणार नाही. तो विचार टाकून देत नाही, युद्ध संपेपर्यंत जपून ठेवायचं ठरवतो. खड्ड्यातून परतल्यावरही तो हेच करतो, असं मी वाचते. हिशेब पुढे ढकललेला आहे, आणि तो चुकता करायला माणूसच उरत नाही.

रानवाटा

अनघा, हे मान्य. नाझींनी १० मे १९३३ ला हे पुस्तक जाळलं, आरोप काय, तर महायुद्धातल्या सैनिकांशी गद्दारी. शत्रूच्या पाकिटातले फोटो बघून कोसळणारा जर्मन सैनिक त्यांना चालणारच नव्हता. ते ओझं हलकं असतं तर जाळायची गरज पडली नसती.

मृण्मयी_के

पुस्तक जाळणाऱ्यांना ते टोचलं, म्हणून पॉल सुटला नाही, हे मला मान्य नाही. आणि अनघा, 'युद्धानंतर बघू' हे ओएलरिखही म्हणू शकतो. पॉलमध्ये आणि त्याच्यात फरक काय, तर पॉलने एक आख्खा दिवस त्या माणसाशेजारी काढला. तो फरक पुढच्या तीन प्रकरणांत कुठे दिसतो, ते कुणीतरी पान काढून दाखवा. मी खरंच शोधतेय.

शिरीष देव

अकरावं प्रकरण. जखमी काटला पाठीवर घेऊन तो चालतो ते. आज रात्री पुन्हा वाचतो आणि लिहितो.