पावसाळ्यात व्हॅक्यूम लागत नाही, आणि टोकामॅकची भिंत कशाला तापवतात?

केळीवाला_जळगाव
एमएस्सी फिजिक्सला आहे. लॅबमधलं कोटिंग युनिट (व्हॅक्यूममध्ये पातळ थर चढवायचं यंत्र) मे महिन्यात दीड तासात 10⁻⁵ मिलिबारला पोचायचं, आता जुलैत चार तास झाले तरी तिथवर पोचत नाही, ओ-रिंग (दाराचं रबरी सील) दोनदा बदलली, सर म्हणतात लीकच आहे. त्यात माझा सेमिनार गांधीनगरच्या आदित्य-यू टोकामॅकवर (फ्युजनसाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त आयनित वायू, चुंबकांनी धरून ठेवणारं यंत्र), तिथे एवढे भारी टर्बो पंप असून भिंत तापवतात, वर ग्लो डिस्चार्जपण चालवतात. पंप हवा ओढतोय ना, मग भिंतीचं काय एवढं?

पथारी_नंदुरबार
भाऊ, आमच्याकडे पथारीवर मिरची वरून खडखडीत वाळलेली दिसते पण घाईत पोत्यात भरली की आतली ओल सुटते आन् माल खराब. चेंबरचं तेच. मोकळी हवा लगेच निघते, धातूला चिकटलेलं पाणी मात्र तासन् तास सुटत राहतं, आणि जुलैत दार उघडलं की दमट हवा आत जाणारच. आता हिशोब बघ, 1 चौरस मीटर भिंतीवर रेणूंचा एकच थर बसला तरी ते साधारण 10¹⁹ रेणू, आणि टोकामॅकच्या 1 घनमीटर प्लाझ्मात कणपण साधारण तेवढेच! ऑक्सिजन, कार्बन आत घुसले की उष्णता प्रकाशावाटे निघून जाते आणि प्लाझ्मा थंड पडतो. मला तर खरं फिजिक्स भिंतीतच दिसतं.

धुळेकर_व्हॅक्यूम
बरोबर. तापवून पाणी जातं पण घट्ट बसलेला ऑक्सिजन-कार्बन हलत नाही, म्हणून ग्लो डिस्चार्ज: थोडा हायड्रोजन सोडून काहीशे व्होल्ट लावतात, आयन (विद्युतभारित कण) भिंतीवर आपटतात, पाणी नि मिथेन बनून पंपातून बाहेर. मग भिंतीत मुरलेला हायड्रोजन काढायला हेलियमचा ग्लो. वर बोरॉनचा पातळ थर दिला की उरलासुरला ऑक्सिजन तो धरून ठेवतो.
तुझ्या युनिटचं म्हणशील तर पंप आणि चेंबरमधला हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद करून दर मिनिटाला प्रेशर लिही. सरळ रेषेत चढत राहिलं तर लीक, वाकून मंदावलं तर भिंतीतलं पाणी.

पथारी_नंदुरबार
सेमिनारला हेपण घे, ईटर म्हणजे फ्रान्समधला मोठा टोकामॅक, त्याच्या क्रायोपंपात (अतिथंड पृष्ठभागावर वायू गोठवून पकडणारा पंप) नारळाच्या करवंटीचा कोळसा आहे, कारण 4.5 केल्विनलाही हेलियम गोठत नाही, कोळशाच्या छिद्रांतच अडकवावा लागतो.

केळीवाला_जळगाव
आज ग्राफ काढला, वीस मिनिटांनी रेषा वाकली!! लीक नाहीच. सरांना दाखवला, आता चेंबर उघडताना हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडायचा ठरलंय, सिलेंडर सोमवारी येतोय.