इंदूरची वीज वाचवायची तर आधी नळाला मीटर हवेत

टिळकनगरवाला
आपल्या नळाची नर्मदा खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून येते, साधारण 70 किलोमीटरवरून. तिथे नदी समुद्रसपाटीपासून जेमतेम 150 मीटरवर, इंदूर 550 वर आणि मधे विंध्याचा चढ. नुसत्या उंचीचा हिशेब केला तरी हजार लिटर वर आणायला 1 युनिटहून जास्त वीज लागते. पंपाची तूट आणि पाइपातलं घर्षण वेगळंच.

फेब्रुवारी 2023 मध्ये नगर निगमने लोकांकडून 244 कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) उभे केले, जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. उत्तम काम. पण शहर रोज 40 कोटी लिटरच्या आसपास पाणी उचलतं, म्हणजे किमान 4 लाख युनिट. आपल्याकडच्या उन्हात 60 मेगावॅटमधून दिवसाला सरासरी अडीच-तीन लाख युनिट मिळतील. उरलेली वीज बहुतेक कोळशाचीच.

म्हणून आधी वापर मोजा. बहुतेक घरांना महिन्याचा ठराविक दर आहे. आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो आणि त्याच्या थोडं आधी हौदातलं उरलेलं पाणी ओट्यावर, गाड्यांवर ओतलं जातं, का तर "शिळं" झालं. घाट चढून आलेलं पाणी आहे ते!

सुदामानगरची ताई
दादा, हिशेब पटला, उपाय नाही. दिवसाआड येणाऱ्या नळात पाण्याच्या आधी हवा येते, आणि हवेनेही मीटर फिरतं. त्याचं बिल कोणी भरायचं? ज्याच्याकडे बोरिंग आहे, टँकर मागवायची ऐपत आहे, त्याला नळाच्या मीटरने काय फरक पडणार? एका नळावर आठ माणसं राहतात त्या घराला पडेल.

आणि लोक पाणी ओततात ते माज म्हणून नव्हे. परवा पाणी येईल की नाही, किती येईल, याचा भरवसा नसतो, म्हणून हौद रिकामा ठेवून काठोकाठ भरून घेतात. रोज ठरल्या वेळी नळ येऊ द्या, ओतणं आपोआप कमी होईल.

मल्हारगंज
सौर प्रकल्पाला दुय्यम ठरवू नका. पाणी चढवण्याचं वीजबिल हाच निगमवरचा मोठा बोजा आहे. ते घटलं तरच जुन्या लाइनी बदलायला पैसे हातात राहतील. लोकांच्या सवयी बदलायला एक पिढी जाते, पॅनेल बसल्या दिवसापासून वीज देतं.

गच्चीवरचा पाऊस
तुम्ही सगळेच नर्मदेवर अडून बसलात. इंदूरला वर्षाला 900 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 80 हजार लिटर! गच्चीचे सगळे पाइप एकत्र आणायचे, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, मग वाळू-गिट्टीच्या फिल्टरमधून बोरिंगच्या शेजारच्या शोषखड्ड्यात. आमच्या बिल्डिंगमध्ये हेच केलंय. सिरपूर आणि यशवंतसागर हे आपले तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, त्याचा मला अभिमान आहे, पण त्या तलावांकडे येणारे नाले मोकळे ठेवणं हेही पाण्याचंच काम आहे.

टिळकनगरवाला
गच्चीचं पाणी हवंच, पण ते बोरिंगला पुरवणी देईल, जलूदचे पंप थांबवणार नाही. मल्हारगंज, वीज सौर असली म्हणून पाणी सांडायची मुभा मिळत नाही. सांडलेल्या पाण्यावर गेलेल्या युनिटांत दुसरं काही चाललं असतं.

ताई, हवेचा मुद्दा खरा आहे. मग लहान घरांना पहिले काही हजार लिटर जुन्याच दरात द्या, आणि मीटरची सुरुवात हॉटेलं, मॅरेज गार्डन आणि मोठ्या टाउनशिपपासून करा. पण सुरुवात करा.

सुदामानगरची ताई
त्याहीआधी एक मीटर पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी लावा आणि एक गल्लीच्या तोंडाशी. टाकीतून किती सुटलं, गल्लीत किती पोचलं, हे दर महिन्याला वॉर्डाच्या फलकावर लिहा. वाटेत गळतं ते कुठल्याच घराच्या मीटरवर दिसणार नाही, आणि ते पाणीही घाट चढूनच आलेलं असतं. तो आकडा समोर येईपर्यंत माझ्या नळाला मीटर लावायला माझा विरोधच राहील.