जुन्या व्हील हॉर्स ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना वजन लावायचंय, कुठलं लावू?

ग्रँडरॅपिड्सकर
नमस्कार मंडळी. शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले तेव्हा त्यांचा व्हील हॉर्स सी-१२० हा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर मी घेतला. १९७० च्या दशकातला आहे, कोहलरचं १२ एचपीचं सिंगल सिलिंडर इंजिन आणि आठ स्पीडचा गिअरबॉक्स. उन्हाळाभर गवत कापायला एक नंबर चालला, पण आता पुढे बर्फाचं ब्लेड लावलंय आणि ड्राइव्हवेच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. टायर गवतावरचेच, २३-८.५०-१२ साइझ. डाव्या चाकाला जुनं बिडाचं वजन आहे ते गंजून पार धरलंय, बोल्ट तसूभर हलत नाही, आणि उजव्या चाकाचं गायब आहे. बिडाची जोडी शोधू, की प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली स्वस्तातली मिळतात ती घेऊ, की सरळ टायरात पाणी भरू? आणि धरलेला बोल्ट गॅस टॉर्चने तापवला तर चालेल का? मशीन मला खूप आवडलंय, ते खराब होऊ द्यायचं नाहीये.

निफाडवाला
भाऊ आमच्याकडे द्राक्षबागेत छोटे ट्रॅक्टर असतात, ब्लोअर ओढताना चाक स्लिप व्हायला लागलं की आम्ही टायरात पाणीच भरतो. जॅक लावायचा, व्हॉल्व्ह बरोबर वर आणायचा, पिन काढून पाणी सोडायचं आणि व्हॉल्व्हच्या उंचीला आलं की बंद. म्हणजे पाऊण टायर भरतो, वर हवेला जागा राहते. पूर्ण कधीच भरू नका, टायर दगडासारखा होतो आणि सगळे हादरे गिअरबॉक्सला जातात. खर्च जवळपास शून्य.

साऊथबेंडकर
निफाडवाले दादांची पद्धत बरोबर आहे पण तुमच्या मिशिगनमध्ये साधं पाणी जानेवारीत टायरात गोठून बसेल, चाक एका बाजूला जड होऊन आपटत चालेल. इथे लोक बीटाचा रस भरतात, तो गोठत नाही आणि रिमला गंजवत नाही, गॅलनला साधारण ११ पौंड भरतो, पाणी ८.३ पौंड. तुमच्या टायरात ५-६ गॅलन मावेल म्हणजे एका चाकाला ५५-६६ पौंड. कॅल्शियम क्लोराइड मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, जुन्या ट्रॅक्टरांचे कितीतरी रिम व्हॉल्व्हच्या भोकापासून त्यानेच खाल्लेत. गाडीच्या इंजिनातलं हिरवं अँटीफ्रीझही नको, गळलं तर गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

टॉर्चचं आधी सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. रिमवर टायर चढवलेला असताना रिम तापवायचा नाही, वेल्डिंगही नाही, हवा काढलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो, माणसं गेली आहेत यात. बोल्टला पेनिट्रेटिंग ऑइल मारा, हातोडीने टोकावर हलके ठोके द्या, दुसऱ्या दिवशी परत ऑइल, असं आठवडाभर करत राहा. तरी नाही सुटला तर नट ग्राइंडरने कापा, नवा बोल्ट काही महाग नाही.

आता व्हील हॉर्सचं खास दुखणं. ही कंपनी आमच्या गावची, साऊथ बेंडची, १९८६ मध्ये टोरोने घेतली, त्यामुळे इथे गॅरेजागॅरेजात हे ट्रॅक्टर आहेत आणि रडगाणं एकच असतं, मागचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ढिला. हब एक्सलवर अर्धगोल चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि ग्रब स्क्रू (हबमधून एक्सलवर आवळायचा स्क्रू) यांवर बसलेला असतो. स्क्रू ढिला पडला की हब जरासा मागेपुढे खेळतो, चावी झिजते, मग एक्सलची खाच रुंद होते आणि मग काम खर्चाचं. आज चाक घसरतंय म्हणून सगळा जोर बर्फावर वाया जातोय, वजन लावलंत की तोच जोर त्या चावीवर येणार. म्हणून आधी एक चाक उचला, दुसऱ्याला ठोकळे लावा, गिअरमध्ये ठेवा, एक्सलच्या टोकापासून हबवर खडूने एक सरळ रेघ ओढा आणि चाक दोन्ही हातांनी जोरात हलवा. रेघ तुटली तर वजनाचा विचार बाजूला ठेवून आधी हब काढा. गिअरबॉक्सचं ऑइलही बघून घ्या, गिअरच्या दांड्याजवळून पाणी आत जातं, ऑइल दुधी दिसलं तर बदला.

क्लीव्हलंडची_वहिनी
सिमेंटवाली घेऊ नका हो, कवचाला तडा गेला की आत पाणी शिरतं, ते गोठतं आणि सिमेंटचा भुगा होतो. शिवाय बीड सिमेंटच्या तिप्पट जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं सिमेंट किती जाड होईल बघा, टायरवर बर्फाची चेन लावायला जागा उरत नाही. आणि चेन लावाच! नुसत्या वजनाने बर्फाखालच्या गुळगुळीत थरावर काही होत नाही. दर दोन कड्यांना आडवी साखळी असते तीच घ्या, चार कड्यांवाली छोट्या टायरवर धक्के देत चालते. आमच्या कब कॅडेट ट्रॅक्टरला बिडाचं वजन अधिक चेन आहे, एवढा चढ आहे तरी मिस्टरांना कधी फावडं घ्यावं लागलं नाही. जुनी व्यायामाची बिडाची प्लेट पण चालते, भोकं पाडून मोठे वॉशर टाकून बोल्ट करायची, फक्त बरोबर मध्यावर बसली पाहिजे.

ग्रँडरॅपिड्सकर
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च परत ठेवून दिला. खडूची रेघ ओढून बघितली, डावं चाक ठीक आहे, उजव्याची रेघ स्पष्ट सरकली, चांगला एक-दोन मिलिमीटर. वजन नेमकं त्याच बाजूचं गायब आहे, आजोबांनी त्यामुळेच काढलं असेल का?

साऊथबेंडकर
असू शकेल. चावी नवी टाका, ग्रब स्क्रूपण नवा घ्या आणि त्यावर लॉकनट येतो तो विसरू नका. एक्सलची खाच चांगली असेल तर तेवढ्यावर भागेल. मग दोन्ही चाकांना सारखंच वजन, ५० पौंडांची बिडाची जोडी पुरे. लावण्याआधी रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर आणि रंग मारा, वजनाच्या मागच्या बाजूलासुद्धा, कारण पाणी त्या फटीतच साचतं. बोल्टच्या आट्यांना अँटीसीझ, म्हणजे बोल्ट गंजून धरू नये म्हणून लावायचं वंगण. पहिल्यांदा बर्फ काढून झाला की सगळे नट परत आवळा, रंग दबतो आणि ते ढिले होतात. मागच्या टायरात हवा ८-१० पीएसआय. जोडी मिळाली नाही तर सांगा, इथल्या जुन्या बाजारात मी बघून ठेवतो.