‘देव आपल्याला विसंबत नाही’ : हे वाक्य चुकलंय का?

पायवाट
आमच्या चर्चच्या मंडळीसाठी रोजच्या मननाची छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. एका पानावर एक परिच्छेद, पाच-सहा वाक्यं. काल एका वाक्याशी अडले. मूळ मजकुराचा आशय असा, की देवावर भार टाका, तो तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. मी लिहिलं, ‘देवावर विसंबून राहा, तो तुम्हाला क्षणभरही विसंबत नाही.’

मुद्रितं तपासणाऱ्या मुलाने दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘तुम्हाला नव्हे, तुमच्यावर. आणि देव माणसावर विसंबत नाही हे इथे सांगायची गरज काय?’

माझी आजी म्हणायची, ‘तान्ह्या लेकराला विसंबू नये.’ म्हणजे एकटं टाकून उठू नये, त्याच्यावरचं लक्ष काढू नये. हा अर्थ त्या मुलाने कधी ऐकलेला नाही. त्याच्या आईला विचारलं, तिनेही नाही. आता माझीच खात्री डळमळली आहे. हा प्रयोग तुमच्याकडे ऐकिवात आहे का? आणि पुस्तिकेत ठेवावा का? गुरुवारी मजकूर छपाईला द्यायचा आहे.

काना-मात्रा
प्रयोग शंभर टक्के बरोबर आहे. विभक्ती बघा, तिथेच उलगडा होतो. ‘-वर विसंबणे’ म्हणजे भिस्त ठेवणे. ‘-ला विसंबणे’ म्हणजे सोडून राहणे, दृष्टीआड करणे. दुसरा अर्थ बहुतेक नकारातच येतो: विसंबत नाही, विसंबू नये, न विसंबता. संतांच्या ओव्यांतही ‘न विसंबे’ याच अर्थाने भेटतं. तुमच्या तपासनिसाने ‘-ला’चा ‘-वर’ केला तर वाक्याचा अर्थच उलटतो.

तिसरा बाक
बरोबर असेल, पण वाचणाऱ्याचं काय? मननाची पुस्तिका सकाळी सहा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, कामाला निघण्याआधी वाचली जाते. तिथे माणूस एका शब्दापाशी अडखळला की प्रार्थना राहते बाजूला आणि तो व्याकरणात अडकतो. ‘तो तुम्हाला क्षणभरही सोडत नाही’ लिहा. पोरासोरांना कळेल.

जुनी वही
‘सोडत नाही’ला धमकीचा वास आहे. ‘तुला सोडणार नाही’ हे आपण कोणाला म्हणतो? देवाच्या तोंडी हे घालताना विचार करा.

तिसरा बाक
पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘मी तुला सोडणार नाही’ या अर्थाची वचनं आहेतच की. मोशेनंतर पुढारी झालेल्या यहोशवाला देवाने तेच सांगितलं आहे. कोणी घाबरलेलं माझ्या पाहण्यात नाही.

काना-मात्रा
एकाच क्रियापदाला ‘भरवसा ठेवणे’ आणि ‘सोडून देणे’ असे दोन अर्थ कसे चिकटले, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. माझा अंदाज असा, की दोन्ही संस्कृतातल्या ‘विश्रंभ’ या एकाच घरातले. त्या धातूच्या पोटात सैल पडणं आहे. माणूस कोणापाशी सैल झाला, सावधपणा उतरवून बसला, की तो विश्रंभ, म्हणजे विश्वास. ‘विश्रब्ध’, म्हणजे निर्धास्त, हा शब्द आपल्याला माहीत आहे. आणि पकड सैल झाली, लक्ष ढळलं, की ती हयगय. दोन्हीकडे मूठ सैल होते. तेव्हा पायवाटताई, तुमचं वाक्य अगदी नेमकं आहे: आपण मूठ सैल करायची, तो करत नाही.

सांजवेळ
हे वाचून थांबावंच लागलं. मी व्याकरणातली नाही, पण ‘विश्वास’ शब्दाबद्दल लिहिते. त्यात श्वास आहे हे शाळेत कोणीतरी सांगितलं होतं: वि आणि श्वस्, म्हणजे मोकळा श्वास घेणं. तेव्हा ते फक्त पाठ केलं होतं.

वडील अतिदक्षता विभागात होते. रात्री एकालाच आत सोडत. त्यांच्या नाकातोंडावर मास्क होता, तो दर श्वासाला आतून धुरकट व्हायचा आणि पुन्हा स्वच्छ व्हायचा. मी ते धुकं मोजत बसले होते. प्रार्थना सुचत नव्हती. लहानपणी पाठ केलेलं बायबलातलं १२१वं स्तोत्र तेवढं येत होतं, तेही मध्येच तुटायचं. ‘मला साहाय्य कोठून येईल’ इथवर यायचे, पुढची ओळ हरवायची, पुन्हा पहिल्यापासून. पहाटे कधीतरी लक्षात आलं, की त्यांचा मास्क धुरकट झाला की मी श्वास घेते आहे आणि तो स्वच्छ झाला की सोडते आहे. त्या रात्रीपासून ‘माझा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य मला डोक्यातलं वाटत नाही, छातीतलं वाटतं.

वडील त्यातून उठले. पण विश्वास ते उठले म्हणून बसला असं नाही, हेही लिहून ठेवते.

काना-मात्रा
सांजवेळ, तुम्ही लिहिलंत त्यापुढे व्युत्पत्ती सांगणं बरं दिसत नाही, तरी तुमच्या स्तोत्राबद्दल एक सांगतो. १२१व्या स्तोत्राच्या आठ ओव्यांत राखण्याचा हिब्रू धातू ‘शामार’ सहा वेळा येतो. मराठीत तो ‘रक्षक’, ‘रक्षण’, ‘राखील’ असा वाटला गेल्याने ते ठोके एका सुरात ऐकू येत नाहीत. ‘मी माझ्या भावाचा राखण करणारा आहे काय’ असं भावाला मारून आलेला काइन देवाला विचारतो, तिथेही हाच धातू आहे. काइनाने जे काम झटकलं, ते या स्तोत्रात देव स्वतः पत्करतो.

कडुनिंब
मग ‘रक्षण’ काढून ‘राखण’ का नाही वापरत? राखण करणारा रात्रभर जागा असतो, आणि त्या स्तोत्राचा सगळा भर देव झोपत नाही, डुलकीही घेत नाही यावरच आहे. ‘संरक्षण’ म्हटलं की मला खातं आणि मंत्री आठवतात. ख्रिस्ती मराठी उगाच जड झाली आहे. सामर्थ्य, साहाय्य, संपादन. घरात कोण बोलतं असं? माझी आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणते, ‘देवा, आजचा दिवस रेटायला बळ दे.’ संपलं.

जुनी वही
कडुनिंब, जड म्हणून हिणवू नका. त्या भाषेनेच आमच्या पिढ्यांना धीर दिला. आणि ती कुठून आयात केलेली नाही. गोव्यातले मिशनरी फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघालं, ते ओवीत. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि येशूची भजनं, अभंग लिहिले. शास्त्रातलं ‘परमेश्वरावर भाव ठेव’ घ्या. हा ‘भाव’ संतांच्याच अंगणातला. ‘देव भावाचा भुकेला’ म्हणतो तोच. यात जड काय आहे?

तिसरा बाक
‘भाव’ हेच तर उदाहरण. आमच्या तरुण संघात ‘परमेश्वरावर भाव ठेव’ वाचलं तेव्हा एका मुलीने मनापासून विचारलं, ‘भाव म्हणजे किंमत का?’ तिला ‘भाव खाणे’ आणि ‘भाव वधारणे’ तेवढं माहीत. चूक तिची नाही. आपण शब्द जपून ठेवला आणि अर्थ सांगायचा विसरलो.

जुनी वही
मग सांगा अर्थ! तिने विचारलं, उत्तम झालं. शब्द काढून टाकला तर पुढची मुलगी विचारणारही नाही.

तिसरा बाक
सगळ्यांना सांगायला कोणीतरी शेजारी बसलेलं असतं, असं तुम्ही धरून चालता. एकट्याने वाचणारे असतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४मध्ये पूर्ण छापून निघालं. संस्कृतात इतकी गती असलेल्या बाईने साध्या मराठीचा आग्रह धरला, तो कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. मला हा आग्रह शब्दांच्या प्रेमाइतकाच मोलाचा वाटतो.

जुनी वही
रमाबाईंचा आग्रह मलाही मान्य. पण ‘विसंबणे’ संस्कृताळलेलं कुठे आहे? ते आजीच्या तोंडचं. साधं तेच आहे, फक्त आपण विसरलो.

काना-मात्रा
‘भाव ठेव’च्याच ओळीत पुढे ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ आहे. अवलंबणे म्हणजे लटकणे, लंबकातला ‘लंब’ तोच. मूळ हिब्रू क्रियापद मात्र टेकण्याचं आहे, अंगाचा भार देण्याचं. घायाळ शौल राजा आपल्या भाल्यावर टेकून उभा होता, तिथेही तेच. स्वतःच्या बुद्धीवर टेकणं म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट चित्र मला सापडलेलं नाही: लढाई हरलेला माणूस, आणि आधार कशाचा, तर स्वतःच्याच हत्याराचा. म्हणून मी ‘टेकू नकोस’ म्हणेन. कडुनिंब यांच्या आई ओट्याला टेकतात, ते टेकणं.

कडुनिंब
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘ओटा हलत नाही म्हणून टेकते.’

गोगलगाय
बरेच दिवस नुसती वाचत होते. मला ‘सांभाळणे’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे साक्ष देताना, म्हणजे मंडळीपुढे देवाचा अनुभव सांगताना, हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘देवाने सांभाळलं’. गाडी घसरली पण खरचटलं नाही, देवाने सांभाळलं. गाठ निघाली पण साधी निघाली, देवाने सांभाळलं. माझ्या भावाची गाठ साधी निघाली नाही. तो गेल्यावर वर्षभर मी उपासनेत हा शब्द ऐकला की खाली मान घालून बसायचे. त्याला नाही का सांभाळलं? आम्ही काय कमी भाव ठेवला होता? इथे भाव शब्द मुद्दाम वापरते आहे.

देवावर राग नाही, या वापरावर आहे. ‘सांभाळणे’ आपण ‘वाचवणे’ इतकं आखडून टाकलं आहे. घरात कोणी बिछान्याला खिळलेल्या माणसाला सांभाळतं, तेव्हा तो बरा होईल या अटीवर सांभाळत नाही. कूस बदलतं, तोंड पुसतं, रात्री उठतं. माझ्या वहिनीने भावाला असं चौदा महिने सांभाळलं. त्या अर्थाने मी आता ‘देवाने सांभाळलं’ म्हणू शकते. पण बाकीचे ऐकतात तेव्हा त्यांना दुसराच अर्थ ऐकू येतो, म्हणून मोठ्याने म्हणत नाही.

सांजवेळ
गोगलगायताई, वडील उठले ते मी लिहिलं तेव्हा हात जड झाला होता. तुमच्यासारख्या कोणाला ते टोचेल, हे मनात होतंच.

गोगलगाय
नाही टोचलं. तुम्ही त्याखाली ती ओळ लिहिलीत म्हणूनच मी लिहिलं.

जुनी वही
भट्टीपुढे उभे केलेले शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो राजाला सांगतात, की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते ‘नाही सोडवलं तरी’ आपण साक्षी देताना गाळतो. प्रेषित पौलाने देवाने अंगातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते.’ गोगलगायताई, तुमचा ‘सांभाळणे’चा अर्थच जुना आणि पुरा आहे. आम्हीच तो कापून लहान केला. मंडळीत उभ्या राहून म्हणा. ऐकणाऱ्यांना शिकू द्या.

तिसरा बाक
माफ करा, पण उभं राहण्याचा भार त्यांच्यावर कशाला? बाकीच्यांनीच हा शब्द जरा जपून वापरावा.

काना-मात्रा
‘आमेन’ हा शब्दही इथलाच आहे. हिब्रूत विश्वास ठेवणं आणि आमेन एकाच धातूचे, अर्थ पक्कं, स्थिर असणं. मोशेने वर उचललेले हात लढाईच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत ‘एमूना’ राहिले, म्हणजे स्थिर राहिले. तेही अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी धरून ठेवले म्हणून. त्याच धातूपासून ‘ओमेनेत’, मूल सांभाळणारी दाई. रूथचं बाळ तिची सासू नामी उराशी घेते, तिथे हाच शब्द आहे. चौदा महिने कूस बदलणारी वहिनी वाचली आणि तो आठवला.

कडुनिंब
म्हणजे प्रार्थनेच्या शेवटी आपण ‘आमेन’ म्हणतो त्यात दाई आहे?

काना-मात्रा
धातू एक आहे, इतकंच म्हणू. त्यापुढे मी जात नाही.

पायवाट
सगळ्यांचे आभार. गुरुवार उलटून गेला. मुलगा आणि मी समोरासमोर बसलो, त्याने ही सगळी चर्चा वाचली. त्याने ‘-ला’ आणि ‘-वर’चा फरक मान्य केला, तरी वाक्य ठेवायला तयार नव्हता. मी यशया ४९:१५ उघडून दाखवलं, ‘तान्ह्या बाळाचा विसर पडेल काय?’ म्हटलं, हेच बघ, लेकराला विसंबणं. तो म्हणाला, मग ‘विसरत नाही’ लिहा ना सरळ. माझ्याकडे उत्तर नव्हतं. विसरणं मनातलं, विसंबणं हातातलं, असं काहीतरी म्हणाले, पण मलाच पटलं नाही.

पहिल्या आवृत्तीत ‘विसरत नाही’ गेलं आहे. दुसरीच्या वेळी पुन्हा बसायचं ठरलंय. दरम्यान आत्याला फोन केला होता. ती म्हणते, आजी ‘लेकराला विसंबू नये’ म्हणायची ते खरं, पण ते चुलीपाशी रांगणाऱ्या मुलाबद्दल म्हणायची, तान्ह्याबद्दल नाही. तान्हं कुठे जातंय, असं तिचं म्हणणं. हा फरक कोणी ऐकलाय का?

काना-मात्रा
रांगणाऱ्या मुलाबद्दल? हे महत्त्वाचं आहे. मग अर्थ ‘सोडणे’पेक्षा ‘लक्ष काढणे’कडे झुकतो. आत्याबाईंना आणखी एखादं वाक्य आठवतं का, नकार नसलेलं?