स्पोर्ट बाईकच्या गरमीनं उजवा पाय भाजून निघतो, उन्हाळ्यासाठी उपाय सुचवा

दिग्रसचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. दिवाळीत सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतली. २०२१ ची, बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम), एक सिलिंडर, लिक्विड कूल, फुल फेअरिंग (इंजिन झाकणारं प्लास्टिकचं आवरण). हिवाळाभर काही त्रास नव्हता. एप्रिल लागला अन् खेळ सुरू झाला.

आठवड्यातून तीनदा दारव्ह्यावरून यवतमाळला जातो. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते. पण बाजाराच्या दिवशी गावात शिरलं, ऑटो, बैलबंड्या आणि हातगाड्यांमधून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकायची वेळ आली की उजवी पोटरी आणि मांडीची आतली बाजू शेकून निघते. फॅन सुरू झाला की अजूनच वाईट. परवा जीन्समधूनसुद्धा पोटरीवर लाल चट्टा उठला.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. सायलेन्सरच्या पाइपला हीट रॅप (धग अडवणारी पट्टी) गुंडाळायचा, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (पाइपातला धूर साफ करणारा डबा) काढून मोकळा पाइप बसवायचा, नाहीतर उन्हाळाभर फेअरिंगच काढून ठेवायची. बजेट पाच हजार. कोणी केलं असेल तर सांगा.

पऱ्हाटी_एक्सप्रेस
गाडी विक, स्प्लेंडर घे. आंब्याची पेटी पण येते मागे.

दिग्रसचा_पोट्टा
घरी बाबा रोज हेच म्हणतात, इथं तरी सोडा.

मूर्तिजापूरचे_मिस्त्री
पोट्ट्या, आधी एक सांग. पाय पाइपाले लागून पोयते का वाऱ्यानं पोयते? दोन्ही येगयेगया बिमाऱ्या हायेत. पाइपानं पोयला तर डाग एकाच जागी असते, पाइपाएवढा. वाऱ्यानं पोयला तर गुडघ्यापासून खालपर्यंत सारा पाय लाल होते अन् फॅन चालू झाला का वाढते. तू म्हणून राहिला फॅननं वाढते. मंग रॅप गुंडाळून काय होईन? गरम वारा रेडिएटरमधून येऊन राहिला.

सकाळी गाडी थंडी असताना चालू कर अन् हेडर, म्हंजे इंजिनातून निघते तो धुराचा पाइप, जिथं सिलिंडरले जोडला हाय तिथं कान दे. टक टक टक आवाज येऊन गाडी तापल्यावर बंद झाला तर गॅस्केट लीक हाय. जोडाजवळ काया डाग दिसन. ते असंन तर पयले ते कर, स्वस्त काम हाय. रेडिएटर कधी साफ केला? कूलंट कधी बदललं? हे सांग, मंग बाकीचं.

वणीकर_३००
मी रॅप केलेला माणूस आहे, म्हणून खरं ते सांगतो. फरक पडतो. पाइपाजवळची धग चांगलीच कमी झाली. पण माझा हेडर साध्या लोखंडाचा होता. रॅप पावसाचं पाणी धरून ठेवतो, आणि दोन पावसाळे गेल्यावर सोडून पाहिलं तर आत पापुद्रे निघत होते. पाइप बदलावा लागला. स्टेनलेस असेल तरच विचार कर. चुंबक लावून पाहिल्यानं पक्कं कळत नाही, काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. मॅन्युअल पाहा.

करायचाच असेल तर फायबरग्लासचा रॅप आधी पाण्यात भिजव. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, नाहीतर दोन दिवस खाजवत बसशील. मी बनियनवर केलं होतं. प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढव, टोकाला स्टीलच्या पट्ट्या. प्लास्टिकचा झिप टाय पहिल्याच राईडला वितळतो. पहिल्यांदा गाडी तापली की धूर निघेल, घाबरू नको. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटचा डबा मात्र झाकायचा नाही, कॅट आधीच भट्टी असते. आणि रॅपवर इंजिन ऑइल सांडलं तर तो रॅप फेकायचा. तेल पिलेला रॅप गरम पाइपावर पेट घेऊ शकतो.

धंतोली_टू_धाबा
थोडं गणित, कारण हिवाळ्यात ठीक आणि आता भट्टी, हे त्यानंच कळतं.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो ते कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० अंश धरा. जानेवारीत सकाळी हवा १५ अंश, फरक ८५. आता दुपारी ४५, फरक ५५. म्हणजे तेवढ्याच हवेत साधारण दोन-तृतीयांश उष्णता निघते. इंजिन मात्र जेवढी तयार करायचं तेवढीच करतं. मग फॅन जास्त वेळ चालतो, आणि तो जी हवा ढकलतो ती आधीच ४५ ची, रेडिएटरमधून निघताना त्याहून कितीतरी गरम. ती तुझ्या पायावर. म्हणून थोडीही घाण रेडिएटरमध्ये असेल तर हिवाळ्यात कळत नाही, मे महिन्यात लगेच कळते.

बीएस ६ चाही हात आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना ते लागू झालं. कॅट तापल्याशिवाय, म्हणजे साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत गेल्याशिवाय, नीट काम करत नाही. म्हणून कंपन्या तो इंजिनच्या जवळ आणतात. भट्टी पायाजवळ आली ती अशी.

पण तो काढू नको. मोकळ्या पाइपनं ईसीयूचं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचं, गणित चुकतं, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं तर उलट जास्त तापेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. पाच हजाराच्या बजेटात हे बसत नाही.

फेअरिंगबद्दल: फक्त खालचा बेली पॅन काढून पाहा, गावातल्या सरकत्या गर्दीत फरक पडू शकतो. बाजूचे पॅनल काढू नको. वारा रेडिएटरमधून ओढून बाजूच्या झरोक्यांतून बाहेर काढायचं काम तेच करतात.

चिखलदरा_ताई
मी परतवाड्याहून गाडी चालवते, तेव्हा माझेही दोन शब्द. भाऊ, जीन्सवर भरवसा ठेवू नका. जाळीची रायडिंग पँट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घ्या. जाडी जास्त म्हणजे गरमी जास्त असं आपल्याला वाटतं, पण इथे ४५ अंशांच्या वाऱ्यापेक्षा कातडं झाकलेलंच बरं. पायमोजे ओले करून घालते मी, अर्धा तास तरी सुख.

रेल्वे फाटक पडलं की लगेच इंजिन बंद. गर्दीत क्लच धरून रेझ करत राहायचं नाही. आणि जमलं तर सकाळी आठच्या आत निघा, यवतमाळला जाऊन चहा प्या.

त्या चट्ट्याचं काय केलं? पुन्हा भाजलं तर लगेच २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ तर नकोच.

दिग्रसचा_पोट्टा
ताई, टूथपेस्ट लावली होती. आईनं.

मिस्त्रीकाका, टक टक आवाज नाही. कूलंट शेवटचं कधी बदललं ते आधीच्या मालकालाही आठवत नाही. मार्चमध्ये पातळी कमी दिसली म्हणून मी दर्यापूरला बहिणीकडे असताना बोअरचं पाणी टाकलं होतं. अर्धा लिटर असेल.

मूर्तिजापूरचे_मिस्त्री
अरे बापा. दर्यापूरचं बोअर! खारपाणपट्ट्यातलं! ज्या पाण्यानं तिकडं जमीन चिकट होते, साबणाले फेस येत नाई, ते पाणी तू अॅल्युमिनियमच्या रेडिएटरमधी टाकलं? मीठ अॅल्युमिनियम खाते अन् क्षार आतल्या बारीक नयांमधी बसते. चहाच्या भांड्याले पांढरा थर येते ना, तसा.

आज गाडीले हात लावू नको. उद्या सकाळी, गाडी रातभर थंडी झाल्यावर, कॅप उघड. गरम असताना उघडशीन तर त्या कॅपखाली दाब असते, तोंडावर उकयतं पाणी येईन. जुनं सारं काढ, डिस्टिल्ड वॉटर भर, दहा मिनिटं चालव, थंडी होऊ दे, काढ. साफ येईपर्यंत कर. मंग मॅन्युअलमधी लिहिलेलं तयार कूलंट. काढलेल्यावर मलईसारखा तेलकट थर असंन तर माह्याशी बोल, ते येगयं दुखणं हाय.

रेडिएटरच्या जाळीवर प्रेशर वॉशर मारू नको, फिन वाकते. मऊ ब्रश अन् साधा पाइप, इंजिनच्या बाजूनं बाहेर. जुनं कूलंट नालीत टाकू नको, कुत्र्यानं चाटलं तर मरते.

दिग्रसचा_पोट्टा
रविवारचा रिपोर्ट. सकाळी सहाला अंगणात बसलो, साडेअकराला उठलो.

फेअरिंग काढल्यावर रेडिएटर दिसेना. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर राखाडी गादी बसलेली, जुन्या उशीतून निघते तशी. नखानं कोपरा उचलला तर तो सलग निघाला. कापूस! नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी जिनिंगसमोरच्या रस्त्यानं रोज जायचो, कापसाच्या गाड्यांच्या रांगेमागे. त्यावर काळी माती आणि किडे, आणि सगळं मिळून नमदा झालेला. जुन्या टूथब्रशनं काढायला दोन तास गेले. कूलंट पांढुरकं, गढूळ, तळाला वाळूसारखं काहीतरी. तेलकट नव्हतं. तीनदा धुतलं.

आणि एक गोष्ट सापडली. उजव्या बाजूला रेडिएटर आणि फेअरिंग यांच्यामध्ये दोन स्क्रूची भोकं रिकामी. डाव्या बाजूला तिथं काळी प्लास्टिकची पट्टी आहे, फॅनचा वारा झरोक्याकडे वळवणारी. उजवीकडे नाहीच. गाडी कधीतरी उजवीकडे पडली असणार, आणि पट्टी परत कोणी बसवली नाही. म्हणजे सहा महिने तो वारा झरोक्यातून न जाता थेट माझ्या गुडघ्यावर!

कंपनीचा पार्ट यायला तीन आठवडे म्हणतात. तोवर काय करू?

वणीकर_३००
डावीकडची पट्टी काढून पुठ्ठ्यावर ठेव, बाहेरून रेघ मार, पुठ्ठा उलटा कर. झाला उजवीकडचा साचा. ट्रकच्या मडफ्लॅपचं रबर टायरवाल्याकडे मिळतं, कात्रीनं कापता येतं.

दिग्रसचा_पोट्टा
तसंच केलं. काल दुपारी दोन वाजता मुद्दाम बाजारातून गाडी काढली. फॅन लागला, पण टेम्परेचरच्या काड्या आधीपेक्षा दोननं कमी, आणि गरम वारा आता पायाच्या बाहेरून जातो. झरोक्यासमोर हात धरून पाहिला. शेजारी थांबलेल्या लुनावाल्या काकांनी पाय मागे घेतला, सॉरी म्हटलं त्यांना.

पोटरीला पाइपाची धग अजून लागते. त्यासाठी टाकीखाली आणि फेअरिंगच्या आतून चिकटवायचं अॅल्युमिनियमचं हीट शीट मागवलंय. आतापर्यंत खर्च अकराशे. रॅप सध्या बाजूला ठेवलाय. हेडर स्टेनलेस निघाला तरी पावसाळा तोंडावर आहे.

चिखलदरा_ताई
पँट?

दिग्रसचा_पोट्टा
घेतो ताई. पगार झाला की.

मूर्तिजापूरचे_मिस्त्री
रबर फॅनच्या पात्याले अन् वायरीले लागून नाई ना पाय. एक बोट तरी जागा ठेव. अन् वावरात गेला तर गाडी कुटारावर, म्हंजे भुश्यावर, लावू नको. तुह्या पाइपाखाली वायलं कुटार आलं का फॅन, रॅप, शीट, काईच कामी येत नाई.